आमचा म्हैस गेला

न्हावऱ्याच्या कोंडिबा गवंड्याची थोरली लेक सुरेखा दौंडला फोनच्या बूथवर बसायला लागली ती चौऱ्याण्णव साली. दोन वर्षांची असताना पोलिओनं तिचा डावा पाय गेला होता. पायात पट्ट्यांचं कॅलिपर, काखेत कुबडी, आणि त्या पायावरच अपंगांच्या कोट्यातून तिला स्टेशनासमोरचा बूथ मिळाला. दौंडला तिची मावशी राहायची, दगडाबाई. तिच्याकडे सुरेखाची राहण्याची सोय झाली. बूथवर पहिल्यांदा भाचीला बसलेली बघून मावशी म्हणाली, "आता बग. पायानं जी कसर ठेवलीया ती ही पोरगी जिभंनं भरून काढती का न्हाई."

जीभ तशी चालायचीच. पण त्या जिभेला एक चटका बसलेला होता, तो आधी सांगायला हवा.

शिरूरच्या कॉलेजातून बी.ए. झाल्यावर सुरेखा पुण्याला एका ऑफिसात मुलाखतीला गेली होती. लोकांच्या फोनवर उत्तरं द्यायचं काम. समोर बसलेल्या बाईंनी हातात कागद दिला आणि वाचायला सांगितलं. कागदावर बरंच काही होतं, पण सुरेखाच्या लक्षात राहिली ती एकच ओळ, "आणि पाण्याची सोय कोणी केली." सुरेखानं खणखणीत आवाजात वाचलं, "आनि पान्याची सोय कोनी केली." बाईंनी शेजारच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे. मग बाई गोड हसल्या आणि "कळवतो हं" म्हणाल्या. जिन्यावरून उतरताना सुरेखाला आतून दोघांचा आवाज ऐकू आला. "कोनी केली?" "पान्यानी केली!" आणि हशा.

शिरूरच्या एसटीत खिडकीशी बसून ती शिक्रापूर येईपर्यंत जीभ टाळ्याला लावून घोकत होती, "ण, ण, ण, ण." कंडक्टरनं शेवटी विचारलं, "ताई, मळमळतंय का? पिशवी देऊ?"

घरी आल्यावर आई, सोजरबाई, म्हणाली, "काय झालं गं मुलाखतीचं?" तर ही म्हणाली, "पाण्यात गेलं." 'ण' अगदी जाग्यावर पडला होता. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

तर अशी ही सुरेखा दौंडच्या बूथवर बसली आणि बसल्या बसल्या तिला अर्धा देश ऐकू यायला लागला. दौंड म्हणजे जंक्शन. रेल्वेत कामाला लांब लांबची माणसं, राखीव पोलीस दलाच्या तळावर राज्याच्या कानाकोपऱ्यातले जवान, शिवाय कारखान्यांवर आलेले हिंदीवाले. ही सगळी माणसं रविवारी सकाळी गावाकडं फोन लावायला रांगेत उभी राहायची. काचेचं केबिन नावालाच होतं. फोनवर बोलण्याचा तेव्हाचा नियम साधा होता, गाव जितकं लांब तितका आवाज मोठा. भिगवणला फोन असला तर माणूस बोलायचा, सोलापूरला असला तर ओरडायचा, आणि रायचूरच्या पुढं असला तर दौंडच्या फलाटावर गाडीची घोषणा ऐकू यायची नाही.

आणि रांगेत प्रत्येकजण दुसऱ्याच्या बोलण्याला हसायचा.

"लवकर आटपा की! कवाधरनं थांबलालोय मी!" लातूरकडचा एकजण कावायचा.

"थांबून राहिले तं थांबा ना बाप्पा. कायले घाई करून राहिले?" हा विनोद. अकोल्याकडचा जवान, उंचापुरा, सावळा, बोलायला मऊ. दर रविवारी आईला फोन लावायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "माय, मी बोलून राहिलो वो."

"बोलून राहिलाय म्हंजी बोलणं संपलं का अजून हाय?" न्हावऱ्याचाच कुणीतरी मागून विचारायचा.

सुरेखा काउंटरवरून न्याय द्यायची, "ह्यो थांबलालाय, त्यो थांबून राहिलाय. दोघंबी थांबल्यातच न्हवं? मग झालं तर!"

यावर लातूर आणि अकोला दोन्ही एक व्हायचे. "थांबल्यात! ऐकलं का? थांबल्यात म्हणे!"

मग सगळी रांग तिलाच हसायची. पण हे हसणं पुण्याच्या जिन्यावरच्या हसण्यासारखं नव्हतं. इथं हसणारालाही त्याच रांगेत उभं राहायचं होतं आणि पाच मिनिटांनी त्याच्यावर पाळी येणार होती. सुरेखा खुलली. वर्षभरात ती अशी तयार झाली की डोळे मिटून ऐकलं तर बूथवर कोण आलंय ते कळू नये. लातूरकर, वऱ्हाडी, खानदेशी, "हम बोले थे ना" म्हणणारा बिहारी वेल्डर, सगळे तिच्या घशात येऊन बसले. शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं खास ऐकायला यायची. "सुरेखाताई, तेवढा आजचा नवा करून दाखवा."

ह्या नव्यामध्ये एक दिवस नरसय्याचा नंबर लागला.

नरसय्या रेल्वेत गँगमन होता. रुळाच्या बाजूनं खांद्यावर हातोडा घेऊन दिवसभर चालायचं, सैल झालेलं घट्ट करायचं. गाव रायचूरच्या पलीकडं, आंध्रात. तो तेलुगूत बोलायला लागला की रांगेतले म्हणायचे, "झालं सुरू यंडुगुंडु." मराठी त्यानं कामावर ऐकून उचलली होती आणि तिच्यात सगळं जग पुरुष होतं. बायको आला, गाडी गेला, भाकरी जळला.

त्या रविवारी तो बराच वेळ फोनवर होता. एरवी ओरडणारा माणूस, त्या दिवशी हळू बोलला, मधेच थांबला, "अय्यो अम्मा" म्हणाला. बाहेर आल्यावर रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "काय रे नरसय्या, काय झालं?"

नरसय्या म्हणाला, "आमचा म्हैस गेला."

रांग फुटली. हसू नये असं सुरेखालाही वाटलं, पण ते वाटणं पोचायच्या आधी हसू पोचलं. नरसय्यापण कसनुसा हसला आणि निघून गेला.

पुढं आठ दिवस दौंड स्टेशनासमोर 'आमचा म्हैस गेला'च चाललं होतं. चहा संपला, आमचा म्हैस गेला. गाडी चुकली, आमचा म्हैस गेला. सुरेखा ते सगळ्यात बेस करायची. आधी रिसीव्हर कानाला, मग तो हळू झालेला आवाज, मग "अय्यो अम्मा", मग केबिनचं दार उघडून बाहेर येणं, आणि मग ते वाक्य. पुढच्या रविवारी टपरीवाल्यांच्या आग्रहाखातर तिनं सगळं साग्रसंगीत केलं. माणसं पोट धरून हसली. हसता हसता त्यांच्यातली मागची दोन-तीन माणसं एकदम गप्प झाली. रांगेच्या टोकाला नरसय्या उभा होता.

तो रांगेतून निघाला आणि चालता झाला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुसऱ्या महिन्यात सुरेखानं त्याला पाहिलं. समोरच्या रस्त्यानं, मान खाली घालून, तो फाटकाजवळच्या दुसऱ्या बूथकडं चालला होता. तो बूथ लांब होता आणि तिथला फोन निम्मा वेळ बंद असायचा. त्या दिवशी सुरेखाला चहा गोड लागला नाही. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "ताई, तेवढं म्हशीचं..." तर ती खेकसली, "म्हस मेली. आता बास."

विनोद रांगेत होता. फोन झाल्यावर काउंटरशी येऊन तो हळूच म्हणाला, "मले वाटते, तुम्ही त्याच्या घरी जाऊन याव."

"कशाला? त्यो काय लहान हाय?"

"तो नाई. पन तुमाले चैन पडून नाई राहिलं."

बुधवारी दुपारी मावशीला बूथवर बसवून सुरेखा रिक्षानं रेल्वे क्वार्टरला गेली. नरसय्या नुकताच ड्यूटीवरून आला होता. दारातच बाज टाकलेली. त्यानं गडबडीनं उठून तिला बसायला दिलं, आतून पाणी मागवलं. पाणी घेऊन आली ती त्याची बायको, बालम्मा. लग्न होऊन गावाकडून येऊन तिला पंधराच दिवस झाले होते.

सुरेखानं वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. ती म्हणाली, "चुकलं माझं."

नरसय्यानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "हसला ते ठीक आहे ताई. सगळे हसतात. आम्ही पण हसतो. तुम्ही लोक 'चला चला' करता ना, आमच्यात 'चाला' म्हणजे लई. तुम्ही उठला की 'लई, लई' करत जाता. आमचे लोक लई हसतात." तो थोडा हसलाही. मग म्हणाला, "पण त्या दिवशी माझा आई रडत होता. दुसरं काही नाही त्याच्याजवळ. एक म्हैस. तुम्ही ते 'अय्यो अम्मा' करून दाखवलं..."

सुरेखाला बाजेवर बसवेना आणि उठवेना.

"आणि ताई," नरसय्या म्हणाला, "म्हैस गेला म्हणा नाही तर गेली म्हणा. मेलाच ना तो?"

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की सुरेखाच्या डोळ्यांत पाणी होतं तरी तिला हसू फुटलं. नरसय्यानं पाहिलं आणि तोही हसायला लागला. बालम्माला काहीच कळलं नाही, पण नवरा हसतोय म्हणून तीही पदराआड हसली. वातावरण सैल झालेलं बघून ती सुरेखाच्या कॅलिपरकडं वाकली आणि काळजीनं विचारू लागली, "कालु? कालु?"

"काल न्हाई गं," सुरेखा म्हणाली. "लहानपणापासनंच हाय."

नरसय्या बाजेची कड धरून हसला. तेलुगूत कालु म्हणजे पाय.

रविवारपासून तो पुन्हा रांगेत दिसू लागला. आणि बालम्मा तर रोजच बूथवर यायला लागली. नवरा रुळावर, शेजारणी कुणी भोजपुरीवाल्या, कुणी तमिळ, मग करायचं काय दिवसभर? सुरेखाकडं बसायची. पहिल्याच दिवशी ती हातात पातेलं घेऊन धावत आली आणि म्हणाली, "पालु! पालु!" सुरेखानं एका दमात कुबडी सोडून दोन्ही पाय स्टुलावर घेतले आणि छताकडं बघत ओरडली, "कुठाय? कुठाय पाल?" फोन करणारं गिऱ्हाईक रिसीव्हर टाकून बाहेर पळालं. बालम्मा पातेलं धरून मधोमध उभी. मग टपरीवाल्यानं तिच्या पातेल्यात बोट दाखवून विचारलं, "दूध?" तर ती जोरजोरात मान हलवायला लागली. पाव लीटर दुधापायी अर्धं स्टेशन हललं होतं.

मग दोघींचा करार झाला. बालम्माला सुरेखा मराठी शिकवणार, बालम्मा तिला तेलुगू. बालम्मा झपाट्यानं शिकली. पण सुरेखाची तेलुगू एकाच बाजूनं वाढली. तिचे खरे मास्तर रांगेत होते. फोनवर माणसं जे बोलतात तेवढंच तिला येऊ लागलं. 'एट्लुन्नव', म्हणजे कशी आहेस. 'तिन्नवा', जेवलीस का. 'वान पड्डदा', पाऊस पडला का. 'पैसल् पंपु', पैसे पाठव. 'वच्चिंदा', आलं का. आणि शेवटी 'पेट्टेस्ता', ठेवतो. एवढ्यात माणसाचा सगळा संसार येतो हे खरं, पण बाजारात जाऊन भेंडी मागायची म्हटलं तर पंचाईत.

ह्या तेलुगूची परीक्षा झाली अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये.

सकाळी सातचा सुमार. फोन वाजला. पलीकडून पुरुषाचा आवाज, अगदी घाईतला, यंडुगुंडु. सुरेखाला त्यातून तीनच शब्द सापडले. नरसय्या. अम्मा. वच्चिंदा?

अम्मा आली का?

तेवढ्यात बालम्मा धापा टाकत स्टेशनाकडून आली. सासूला घ्यायला ती गाडीवर गेली होती. सासूचं नाव ईरम्मा, वय साठीच्या पुढं. धाकट्या मुलानं तिला रायचूरला गाडीत बसवून दिलं होतं. म्हातारी पहिल्यांदाच एकटी निघालेली. बालम्मा इंजिनाकडच्या डब्यापाशी उभी राहिली, कारण म्हातारी पुढच्या डब्यात आहे असा निरोप होता. पण माणसांच्या लोंढ्यात तिला काही म्हातारी दिसली नाही. आणि इकडं गाडी दिल्लीकडं जाणारी. अशा गाडीचं दौंडला इंजिन काढतात, दुसऱ्या टोकाला लावतात, आणि आली त्याच्या उलट्या दिशेनं गाडी नगर-मनमाडकडं निघते. बालम्मा इंजिनाच्या मागं मागं दुसऱ्या टोकाला धावली, आणि तोवर गाडी हललीसुद्धा.

"अत्ता लेदु," बालम्मा म्हणाली आणि रडायला लागली. सासू नाही.

नरसय्या पाटसच्या पुढं रुळावर कुठंतरी होता. तो दुपारशिवाय भेटणार नव्हता. सुरेखानं बालम्माच्या दिराला फोनवर "वस्तदि, वस्तदि" म्हणून धीर दिला. येईल, येईल. फोन ठेवला आणि विचार केला. म्हातारी झोपली असणार. गाडीबरोबर पुढं गेली असणार. मग तिनं खणातली वही काढली. माणसांनी चार वर्षांत लावलेले नंबर तिनं गावाप्रमाणे लिहून ठेवले होते, पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून. त्यात स्टेशनांजवळचे बूथ होते. कुणाची बायको, कुणाचा भाऊ तिथं बोलावून घ्यावा लागायचा.

गाडी नगरला पोचायच्या सुमाराला नगर लावलं. तिथल्या माणसानं जाऊन पाहिलं, गाडी येऊन गेलेली, म्हातारी नाही. मग आणखी दीड-दोन तासांनी कोपरगाव लावलं. तिथल्या बूथवाल्याचं नाव भिमाजी. वयस्कर माणूस, आवाज शांत.

"भिमाजी आप्पा, दौंडवरनं बोलतीय. दिल्लीची गाडी यायची हाय का अजून?"

"आताच गेली ना. का बरं?"

"एक म्हातारी उतरलीया का? तेलुगू बोलती."

"तेलुगू का काय ते नाही सांगता यायचं," भिमाजी म्हणाले, "पण एक बाई फलाटावर बसून राहिली. आमचा हमाल सांगू राहिला, ती सारखी 'दौडो दौडो' करू राहिली. डब्यातली हिंदी माणसं घाबरली. 'क्यूँ दौड़ें माताजी, कहाँ दौड़ें?' कुणाला वाटलं चोर हाय, कुणाला वाटलं आग लागली. शेवटी टीसीनं खाली उतरवली."

सुरेखानं काउंटरवर हात मारला. "दौडो न्हाई आप्पा, दौंडु! तिला दौंड म्हणायचंय! त्यांच्यात शब्दाला उकाराची शेपटी लावत्यात!"

भिमाजी हमालाला घेऊन म्हातारीला बूथवर आणायला गेले. ती येईना. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवायला ती काय खुळी होती? शेवटी भिमाजींची बायको गेली, हाताला धरून घेऊन आली. रिसीव्हर तिच्या कानाला लावला. इकडं सुरेखानं बालम्माला पुढं केलं, पण बालम्मा एवढी रडत होती की तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि तिकडून म्हातारी ओरडायला लागली, "एवरु? एवरु?" कोण? कोण?

सुरेखानं रिसीव्हर घेतला.

"अम्मा, एट्लुन्नव?"

तिकडचं ओरडणं थांबलं.

"तिन्नवा?"

तिकडून असा लोंढा सुरू झाला की सुरेखाला त्यात पाय टेकायला जागा मिळेना. तिला एवढंच कळत होतं की फोन खाली ठेवू द्यायचा नाही, म्हातारीला तिथून हलू द्यायचं नाही. आणि जवळचे शब्द तर संपत आले होते. घाबरून ती येईल ते बोलत सुटली.

"वान पड्डदा? अम्मा, पैसल् पंपु!"

लोंढा थांबला. मग म्हातारीचा स्पष्ट, संतापलेला आवाज आला, "वान लेदु! पैसल् लेवु!"

पाऊस नाही, पैसे नाहीत.

बालम्मा रडत होती ती फसकन हसली. हसल्यावर तिला वाचा फुटली. तिनं रिसीव्हर ओढून घेतला आणि सासूला नीट सांगितलं की तिथंच बस, आम्ही येतोय.

आता जायचं कुणी? बालम्माला एकटीला पाठवलं तर संध्याकाळपर्यंत सासू-सून दोघींना शोधायची वेळ. सुरेखानं बूथ बंद करायचं ठरवलं. तेवढ्यात विनोद आला. त्याची सुट्टी होती.

"तुमी जा," तो म्हणाला. "मी बसतो इथं."

"जमल का तुम्हाला?"

"काऊन नाई जमनार? बटन दाबाले काय लागते?"

दोघी मनमाडच्या पॅसेंजरनं निघाल्या. कुबडी घेऊन जनरलच्या डब्यात चढणं काही सोपं नव्हतं. बालम्मानं खालून लोटलं, एका सरदारजीनं वरून ओढलं. दुपार कलताना कोपरगाव आलं.

ईरम्मा भिमाजींच्या बूथमागच्या खोलीत मांडी घालून बसली होती. समोर भाकरी, ठेचा. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर मोठं कुंकू. भिमाजींची बायको आग्रह करत होती, ती हातानं नको म्हणत होती आणि खात होती. सून दिसल्याबरोबर तिनं आधी तिला दोन शिव्या दिल्या, मग गळ्यात पडून रडली. मग तिचं लक्ष सुरेखाकडं गेलं. ही कुबडीवाली कोण?

सुरेखा पुढं झाली. "अम्मा, एट्लुन्नव?"

म्हातारीनं आवाज ओळखला. क्षणभर तिच्याकडं रोखून पाहिलं. आणि मग मान वाकडी करून, नाकातून, हुबेहूब सुरेखाच्या चालीवर म्हणाली, "वान पड्डदा? अम्मा, पैसल् पंपु!"

बालम्मा हसली, भिमाजींची बायको हसली, दारातला हमाल हसला. सुरेखाला कळेना, आपण खरंच असं बोलतो? म्हातारीनं पुन्हा करून दाखवलं, हातात रिसीव्हर असल्यासारखी मूठ कानाला लावून. तिच्यापुढं सुरेखाच्या चार वर्षांच्या नकला फिक्या पडल्या. सुरेखा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

संध्याकाळच्या गाडीनं तिघी परत आल्या. फलाटावर नरसय्या उभा होता, गँगच्या कपड्यांतच, हातात केळ्यांचा घड. आई दिसली तशी त्यानं घड सुरेखाच्या हातात दिला आणि आईच्या पायावर डोकं ठेवलं.

बूथवर मात्र वेगळाच गोंधळ झाला होता. विनोदनं दिवसभर इमानानं बटणं दाबली होती, पण बाहेरून आलेले फोनही घेतले होते. "कोन बोलून राहिलं? सुरेखाताई गावाले गेल्या, मी बसून राहिलो." सोलापूरच्या तिघांनी राँग नंबर म्हणून फोन ठेवला. एकजण त्याच्याशी भांडला, की बसून राहिलास तर ऊठ आणि माझ्या भावाला बोलव. आणि न्हावऱ्याहून कोंडिबांचा फोन आला होता. त्यांच्याशी विनोद वीस मिनिटं बोलला होता.

"काय बोललात एवढं?" सुरेखानं विचारलं.

"काई नाई. पीकपानी, पाऊस, गवंडीकाम." विनोदनं टोपी डोक्यावर घातली. "मानूस चांगला हाये तुमचा बाप."

पुढच्या आठवड्यात कोंडिबांनी फोन करून लेकीला विचारलं, "सुरे, त्यो राहून राहिलेला पोरगा कोन हाय गं? आपल्यातलाच हाय का?"

आपल्यातलाच होता. तरी दोन वर्षं गेली. अकोल्याची माणसं म्हणाली, एवढ्या लांबची सून? न्हावऱ्याची म्हणाली, एवढ्या लांबचा जावई? पायाबद्दल दोन्हीकडं एकेक वाक्य निघालं, ते विनोदनं तिथल्या तिथं मिटवलं. दोन हजार सालच्या मे महिन्यात न्हावऱ्यात बुद्धविहारासमोर मांडव पडला. वऱ्हाडी ट्रकनं आले आणि उतरल्यापासून दोन्ही बाजू एकमेकांचं बोलणं चाखत होत्या. इकडच्या पोरी कोपऱ्यात 'मले-तुले'चा सराव करत होत्या, तिकडची पोरं 'हाय'ला 'हाय' म्हणून हात हलवत होती. मग त्रिशरण सुरू झालं. पाली कुणाच्याच घरची नाही. अकोल्यानं आपल्या चालीत म्हटली, न्हावऱ्यानं आपल्या, मागच्या रांगेत नरसय्यानं शेवटाला उकार लावून म्हटली, आणि तेवढा वेळ कुणी कुणाला हसलं नाही.

जेवणं उरकल्यावर सुरेखा आईला शोधत मांडवामागं गेली. लिंबाच्या सावलीत सोजरबाई आणि ईरम्मा पाय पसरून बसल्या होत्या, दोघींच्या मधे पानाची पिशवी. ईरम्मा हात नाचवत तेलुगूत काहीतरी लांबलचक सांगत होती. सोजरबाई सुपारी कातरत "व्हय व्हय", "मंग काय तर" म्हणत होती. मग सोजरबाईनं सुरू केलं, तिची थोरली जाऊ, वाटणीतलं रान, मधली विहीर. ईरम्मा डोळे पुसत मान डोलावत होती. हे तासभर तरी चाललं असावं, कारण पिशवीतली पानं संपली होती.

ईरम्मा पाणी प्यायला उठली तशी सुरेखा आईशेजारी बसली. "काय गं आई, काय म्हणत व्हती ती?"

"लई सोसलंय बिचारीनं," सोजरबाई म्हणाली.

"तुला तेलुगू कळती?"

"न्हाई बा. येक अक्षर न्हाई." सोजरबाईनं अडकित्ता पुसून पिशवीत ठेवला. "पर बाईचं बोलणं पटलं मला. मी तिला सांगितलंया, पुढच्या म्हैन्यात आठ दिस राहायलाच ये."

"आन् ती काय म्हणाली?"

"काय म्हणाली कुणाला ठावं. पर येती म्हणाली."

आणि जूनमध्ये ईरम्मा खरंच आली.